शेपूट

जंगलात शिरून दहा मिनिटं झाली आणि पुढाऱ्याने सवयीने, मान न वळवता, हाक दिली, "शेपूट?"

"लोंबतंय," मागून उत्तर आलं.

पुढारी चार पावलं तसाच चालला. पाचवं पाऊल पडेना. हे उत्तर गेली वीस वर्षं फक्त भाऊजी देत असत, आणि भाऊजींना जाऊन तीन महिने झाले होते.

पुढारी म्हणजे कोणी बडा माणूस नव्हे. रविवारच्या निसर्गफेरीत सगळ्यांच्या पुढे चालतो म्हणून पुढारी. एरवी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. मंडळाचा नियम एकच. पुढच्याने मधूनमधून हाक द्यायची, शेवटच्याने ओ द्यायची, आणि सगळे बाहेर पडल्याशिवाय शेवटच्याने जंगल सोडायचं नाही. फेरी सोपी. अर्धा तास झाडी, अर्धा तास माळ, चढ नाही, उतार नाही. 'गुडघ्यांसाठी निर्धोक' असं पत्रकात छापलं होतं. बाकीच्या अवयवांबद्दल पत्रकात काही नव्हतं.

आज शेपूट होते पोस्टमास्तर.

"थट्टेला काही काळवेळ?" पुढारी त्यांच्यावर डाफरला आणि त्याने डोळ्यांनीच ताईकडे खूण केली. ताई, त्याची थोरली बहीण, भाऊजींची बायको, रांगेच्या मध्यावर उभी होती. तीन महिने ती घराबाहेर पडली नव्हती. मोकळी हवा लागेल म्हणून तोच तिला ओढून घेऊन आला होता.

"मी कशाला थट्टा करू?" पोस्टमास्तर म्हणाले. "मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या मागून आलं."

त्यांच्या मागे पायवाट होती, दोन्ही बाजूंना झाडं होती. माणूस नव्हता.

पोस्टमास्तर पाण्याची बाटली उघडत उघडत दोन जागा पुढे सरकले. त्यामुळे शेवटी राहिलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना पुढचा एक पक्षी एकाएकी जवळून बघावासा वाटला. त्यांच्यानंतर विमा एजंट. त्याने तर कारणही शोधलं नाही. जरा पाय उचला म्हणून पुढारी वीस वर्षं घसा फोडत होता. आज मंडळ पहिल्यांदाच वेळेआधी पोचणार होतं.

अशी शेवटची जागा ताईकडे आली. ती सरकली नाही.

"ताई, तू माझ्याबरोबर पुढे चल."

"तू हो पुढे. मला काही घाई नाही."

"अगं, ऐकलंस ना आत्ता?"

"माझ्या कानांना अजून काही झालेलं नाही," ताई म्हणाली आणि बुटाची नाडी सोडून सावकाश पुन्हा बांधायला लागली.

झाडी संपली. समोर कमरेइतक्या गवताचा माळ लख्ख उन्हात पसरलेला. पुढाऱ्याने वळून पाहिलं. एकेक करत सगळे बाहेर आले, ताई आली नाही. माळावर वारा होता. झाडांत एक पान हलत नव्हतं. भर सकाळी अकरा वाजता पायवाट काळोखात शिरत होती.

"ताई."

त्याने आणखी दोनदा हाक दिली.

"आत जाऊन बघायला हवं," पोस्टमास्तर म्हणाले, आणि कोण जातंय हे पाहण्यासाठी सगळ्यांकडे बघू लागले.

जायचं पुढाऱ्याने ठरवलं. पायांनी ठरवलं नाही. ताई तिथेच राहील, अशी त्याला भीती वाटली. आणि आत पोचणारी हाक एकच होती.

"शेपूट?"



"लोंबतंय."

आवाज अगदी कडेच्या झाडांमागून आला. नेहमीचा, थोडा कंटाळलेला.

भाऊजींशी पुढारी जन्मभर अदबीने बोलला होता. आताही त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"भाऊजी, नियम तुम्हीच केलात. कोणाला मागे ठेवायचं नाही. ताईला तेवढं बाहेर आणून सोडा."

मग पाचोळा वाजू लागला. एका माणसाच्या चालण्याला तो जरा जास्तच वाजत होता.

ताई उन्हात आली. इतकी निवांत तिला त्याने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"एवढं काय ओरडायचं," ती म्हणाली. "येतच होतो आम्ही."

तिने डावीकडे मान वळवली.

"वीस वर्षं सांगत होते ह्यांना, एकदा तरी शेजारून चला. शेपटाला शोभत नाही म्हणायचे."

माळावरची पायवाट एका माणसापुरतीच होती. ताई ती सोडून कडेच्या गवतातून चालत होती. डाव्या हाताला पायवाट मोकळी.

पुढारी बाजूला झाला, गवतात उतरला. मग विमा एजंट उतरला. पोस्टमास्तरांनी उतरता उतरता डोक्यावरची टोपी काढली. ताई सगळ्यांच्या समोरून, कोणाशी तरी पाऊल जुळवत, पुढे गेली.

"सावकाश जा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. ताईकडे त्या बघत नव्हत्या.