दोन रिंगा

बोरीच्या अलीकडं भगवानरावांच्या खिशातला फोन एकदा वाजला आणि गप्प झाला.

"उचला न भाऊ," पुढच्या सीटवरचा पाहुणा म्हणाला. त्याची पँट खाकी होती. दारव्ह्याला तो जीपमध्ये चढला तेव्हाच भगवानरावांनी ती हेरली होती.

"उचलाचा नसतेच तो. एक रिंग म्हणजे समोर पोलीस, दोन म्हणजे रस्ता मोकळा. आमचा गोविंदा पुढच्या जीपमधून देते."

"पन गाडी चालवताना फोन वापरनं गुन्हा हाये म्हनते."

"बोलनं गुन्हा हाये! म्या उचललाच नाही, तं वापरला कसा?"

बोरीच्या फाट्यावर खरंच पोलीस उभे होते. भगवानरावांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून मान लववली आणि काळी-पिवळी ऐटीत पुढं काढली.

युक्ती त्यांचीच. यवतमाळच्या टपरीवर चहा पिताना ते ती मोठ्यानं सांगत, शेजारच्या बाकावर कोण बसलंय हे न पाहता. बढाईला काय, पैसे थोडेच पडतात! बाकीचा कायदाही त्यांना तोंडपाठ होता, म्हणजे त्यांनी स्वतःच केलेला. गाडी दुसऱ्या गिअरात असली की ती चालती धरत नाहीत. स्पीकर लावला की फोन कानाला नसतो, मग दंड कशाचा? एवढं ज्ञान असूनही ते दोनदा पकडले गेले होते. तिसऱ्यांदा सापडलात तर लायसन जाईल, असं ट्रॅफिकच्या साहेबांनी बजावलं होतं. कापसानं तीन वर्षं दगा दिल्यापासून घर या जीपवरच चालत होतं, त्यामुळे ते बोलणं मात्र काळजात रुतून बसलं होतं.

"तुमी पोलिसात हा काय जी?" त्यांनी शेवटी विचारलंच.

"नाही जी, एसटीत कंडक्टर." पाहुणा ओशाळला. "आमचीच गाडी हुकली, म्हनून तुमच्यात बसलो."

भगवानराव खो खो हसले. मनातली उरलीसुरली धास्तीही गेली.

लोहारा जवळ आला तसा फोन पुन्हा वाजला. एक रिंग. दोन.

"पाहा, मोकळा!" त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरात घेतली, फोन काढून स्पीकर लावला आणि बायकोला जोडला. "इंदू, वेचनी झाली काय वं?"

"कुठची? बाया आल्याच नाही, मी एकटीच वेचून राह्यली. तुमी गाडीवर हा ना? ठेवा तो फोन!"

"तू मले कायदा शिकवतं काय?"

वळण संपलं. रस्त्याच्या कडेला गोविंदाची जीप उभी होती. बोनेटला टेकून गोविंदा खाली मान घालून उभा होता आणि त्याच्या शेजारून ट्रॅफिकचे साहेब हात दाखवत होते.

भगवानरावांनी घाईनं फोन बंद करून खिशात कोंबला आणि ब्रेक दाबला. जीप नेमकी साहेबांसमोर थांबली.

साहेबांनी हातातल्या गोविंदाच्या फोनचं बटण दाबलं. भगवानरावांच्या खिशात एक रिंग वाजली आणि फोन गप्प झाला.