भिंत भरीव आहे

"बिल्ला इथं न्हाई, म्हंजे मानूस आतच हाय," दया तिसऱ्यांदा म्हणाली.

भंडारदऱ्याकडच्या त्या बोगद्याच्या तोंडाशी बिल्ल्यांची फळी होती. आत जाताना आपला बिल्ला खिशात टाकायचा, बाहेर आल्यावर परत खिळ्याला अडकवायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे खिळे भरले. तिच्या नवऱ्याचा, प्रभुदासचा, तेवढा रिकामा राहिला. तो आत नेमकं काय काम करतो, हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी आत एका कपारीत दरड कोसळली होती. छत खाली येऊ नये म्हणून लगोलग यंत्राने काँक्रीट फवारून कपारीचं तोंड बुजवलं. त्या पळापळीत माणसं कोणी मोजली नाहीत.

बोगद्याच्या कामावरचे साहेब चार दिवसांपूर्वीच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण अजून त्यांची ओळख फक्त कागदांशी झाली होती.

"बिल्ला खिशात राहिला असेल, ताई. गेले असतील राजूरला."

"दरड पडायच्या आधी माझ्यासमोर आत गेला," चहाची टपरी चालवणारी मुक्ताबाई म्हणाली. "बाहेर आल्याला मी न्हाई पाह्यला."

"भिंत फोडा, साहेब." दया म्हणाली.

"ताजी भिंत फोडली तर छत येईल, आणखी चार जण जातील. मागे पोकळी आहे असं कळलं तरच ती फोडतात." त्यांनी फाइल उघडली. "प्रत्येक थर हातोडीने ठोकून बघतात. पोकळ असेल तिथे आवाज बदलतो. हा आजचा अहवाल. अकरा वाजता सगळी भिंत ठोकली, कुठेही पोकळ नाही. मागे माणूस मावेल एवढी जागाच नाही."

"पुन्यांदा ठोका की."

"उद्या सकाळपर्यंत तिथे कोणाला सोडता येत नाही. आणि या तपासनिसाचा एकही अहवाल आजवर चुकलेला नाही."

उद्या सकाळ. दयाने टेबलाची कड धरली.

"मंग त्यांनाच बोलवा. मी पाया पडते त्यांच्या. एकदा कान लावा, एवढंच म्हनते."

"सही आहे त्यांची, पण मला ती काही वाचता येत नाही," म्हणत साहेबांनी फाइल तिच्याकडे सरकवली.

दयाने सही पाहिली. मग खालचा कागद उलटला, त्याच्या खालचा, त्याच्याही खालचा. ते सगळे अहवाल अजून कोरे होते, आणि प्रत्येकाच्या तळाशी तीच, प्रभुदासची, सही होती.