एका दगडाची दोन घुबडं

तेंपिस्के नदीकाठी हिरवा दगड कापायचा म्हणजे ओली वाळू, दोरी आणि महिनाभर घासत बसणं. एका दगडाच्या दोन फाका होतात. सापोकने आणि त्याच्या धाकट्या भावाने, नांबीने, एकेका फाकेत घुबड कोरलं. मुखियाने गळ्यात घालायला नांबीचं निवडलं.

"दादा, तुझंही काही कमी नाही," नांबी म्हणाला.

"गप रे! वाळू कशी धरायची ते मीच शिकवलं तुला."

सापोकच्या पोटात दुखत होतं ते हेच. आता सगळा गाव त्या पोराच्या घुबडापुढे मान तुकवणार!

ओवायचं भोक मानेतून आडवं पाडतात. नांबी शंख आणायला समुद्रावर गेला, तेव्हा सापोकने तीन दिवस हाडाची सळई फिरवली आणि भावाच्या घुबडाच्या नरड्यात समोरून भोक पाडलं. एकदाचं वाटोळं झालं त्याचं.

हात धुऊन तो घरी आला. त्याचं स्वतःचं घुबड पानात गुंडाळून आढ्याला टांगलेलं होतं, गाठ जशीच्या तशी. त्याने पान सोडलं.

घुबडाच्या नरड्यात समोरून भोक होतं. कडेचा हिरवा गाळ अजून ओला होता.

"अहो, पेज निवतेय," बायकोने हाक मारली.

त्याने मक्याच्या पेजेचा मोठा घोट घेतला. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"अहो, तोंड तर मिटलेलं आहे तुमचं. मग ही पेज सांडतेय कुठून?"