एकोणीस नंबर

हृदयाच्या स्कॅनवरच्या माझ्या संशोधनाला निरोगी माणसं कमी पडत होती, म्हणून बाबाच येऊन यंत्रात झोपले. "फुकटात तपासणी! नीट बघ हं," म्हणाले. मी हो म्हटलं. निरोगी गटाची चित्रं आमच्यात कुणीच बघत नाही. संगणक त्यांची नुसती सरासरी काढतो. बाबा झाले एकोणीस नंबर. वर्षभराने जेवताना छातीला हात लावून कोसळले ते उठलेच नाहीत. आज आई प्रयोगशाळेत आली. "त्यांचं हृदय एकदा दाखव ना." मी एकोणीस नंबर पहिल्यांदाच उघडला. हृदय धडधडत होतं. खालची भिंत मात्र एका जागी कागदाइतकी पातळ, हलतसुद्धा नव्हती. आईने पडद्यावर हात ठेवला. "किती छान चाललंय गं! छातीत दुखतंय तर डॉक्टरकडे चला, म्हटलं की हसायचे. म्हणायचे, लेकीने आतून बघितलंय, काही असतं तर बोलली नसती का?"