पाचच्या आत

मुलीला विधी महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तिसऱ्या प्रयत्नात पुरेसे गुण मिळाले होते. ऑनलाइन अर्जाची मुदत आज पाचला संपणार होती. तिचे वडील न्यायालयातले निवृत्त कारकून. पडद्यावर लाकडी पट्टी धरून ते त्या अर्जाची एकेक ओळ चौथ्यांदा तपासत होते. “बाबा, दोनच मिनिटं उरलीत. द्या ना तो माऊस!” “घोड्यावर बसून आलीस का गं? पाचला मी दार लावायचो, पण आत आलेल्या प्रत्येकाचा कागद घ्यायचो. आपण आत आहोत.” तिने पुढे केलेला हात मागे घेतला. पट्टी शेवटच्या ओळीखालून निघाली आणि त्यांनी समाधानाने बटण दाबले. मुदत संपल्याची सूचना आली. त्यांनी पुन्हा दाबले. “आपण पाचच्या आत आलो होतो,” ते म्हणाले, “सांग ना त्यांना.” “सांगते, बाबा,” ती म्हणाली. पडद्यापलीकडे कोणीही बसलेले नव्हते.