लाल स्टिकर

परळच्या टॉवरमधल्या प्रोसेस इम्प्रूव्हमेंट कॉन्फरन्समध्ये शेवटचा वक्ता म्हणाला, "इथून खरंच काही घेऊन जायचं असेल, तर ऐकलेली एक तरी गोष्ट आजच करा." म्हणून हितेंद्र लालबागच्या घरी आला तोच लाल स्टिकरचं पाकीट घेऊन.

नियम सोपा होता. जी वस्तू नुसती जागा अडवते, तिला लाल स्टिकर लावायचा. आठवडाभरात ती कोणाला लागली तर ठेवायची, नाहीतर भंगारात द्यायची.

चहासुद्धा न घेता तो कामाला लागला. आईच्या पाट्यावरवंट्याला स्टिकर लागला, तांब्याच्या बंबाला लागला, बायकोच्या शिलाई मशीनलाही लागला.

"अरे, तो बंब तुझ्या बाबांनी हौसेनं आणलेला," आई म्हणाली.

"आई, प्रोसेसमध्ये इमोशन आणायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. मटण-भात जेवून हितेंद्र खोलीच्या मधोमध आडवा झाला. आई त्याला वळसा घालून भांडी घासायला गेली, बायको वळसा घालून कपडे वाळत घालायला. तो उठला तेव्हा दिवेलागण झाली होती. तोंड धुवायला आरशासमोर गेला, तर कपाळावर ठसठशीत लाल टिकली.

"आई, हे काय गं?"

आईनं तांदूळ निवडता निवडता मानही वर केली नाही.

"तुझे स्टिकर संपले रे, म्हणून माझी टिकली लावली. आठवडाभर बघू, कोणाला लागलास तर ठेवू."