बोगद्यात बाई

"घरी जा बाई, बाळाला गारठा बाधेल," लांगेगर इंजिनिअर म्हणाला आणि त्याने पुन्हा नकाशात डोकं घातलं.

ट्राउडल हलली नाही. तिच्या बाबागाडीने कचेरीची निम्मी खोली अडवली होती. खिडकीतून महामार्गासाठी डोंगराला पाडलेलं भोक दिसत होतं. सकाळची पाळी नुकतीच आत गेली होती, आणि तिचा नवरा वेंडेलिन त्या पाळीत होता.

तिने पिशवीतून एक पायमोजा काढला आणि नकाशावर झटकला. राखाडी, पिठासारखी बारीक रेती पडली.

"हे काय?"

"काल वेंडेलिनच्या बुटात निघालं. परवापर्यंत आतलं पाणी स्वच्छ येत होतं, काल गढूळ आलं. म्हणजे पाणी आता डोंगर आतून धुऊन आणतंय. मी ग्रात्सला भूगर्भशास्त्र शिकलेय, साहेब. उगाच धास्तावून नाही आले."

"धास्तावूनच आलायत." तो हसला. "नवी आई असं करतेच. पंप आहेत ना आत! पंधरवड्यात मंत्री यायचेत आरपार झालेला बोगदा बघायला. त्यांना काय पायमोजे दाखवू?"

"मुकादमांनीसुद्धा सांगितलं तुम्हाला. क्विरिनकाकांनी."

"सांगितलं, मी ऐकलं, आणि ते आत गेले. कामगार आहेत ते, बाई. कुरकुरतात आणि जातात."

हेच तिला झोंबलं, कारण खरं होतं. सकाळी दारात ती वेंडेलिनला आडवी आली होती. "सगळे जाणार," तो म्हणाला होता, "आणि मी काय बायको घाबरली म्हणून घरी बसू?"

तिने बाबागाडीतून आफ्राला उचललं, छातीशी शालीत घट्ट बांधलं आणि ती बाहेर पडली. बोगद्याच्या तोंडाशी कोनाड्यात संत बार्बराची, खोदकामगारांच्या राखणकर्तीची, मूर्ती उभी होती, पायाशी मेणबत्ती जळत होती. पहारेकरी धावत आला.

"अहो, कुठे? आत बायका चालत नाहीत!"

"माहीत आहे."

त्या खोऱ्यात हे कुणाला सांगावं लागत नसे. डोंगर आरपार होईपर्यंत आत एकच बाई, ती म्हणजे बार्बरा. तिला दुसरी खपत नाही. दुसरी आत गेली की ती पाठ फिरवते, आणि मग कुणी आत थांबत नाही. लग्न होऊन आली तेव्हा ट्राउडल हे ऐकून हसली होती. मग चिडली होती. मग तिने तो विषय सोडून दिला होता.

ती चालत राहिली. बुटांवरून गढूळ पाणी वाहत होतं. समोरून दगड भरलेला ट्रक आला. दिव्यांच्या झोतात ती दिसताच ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं, खाली उडी मारून छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो उलटा आत पळाला.

"बाई! आत बाई आहे!"

हाक तिच्यापुढे धावत गेली. एक ड्रिल थांबलं. मग दुसरं. मग माणसं येऊ लागली, पलीकडच्या भिंतीला घासून, तोंडं फिरवून. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी वर पाहिलं नाही. घोट्यापर्यंत आलेलं पाणी ज्यांना बाहेर काढू शकलं नव्हतं, ते एका झग्याला भिऊन निघाले होते. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंच पुरत होतं?

वेंडेलिनने मात्र तिच्याकडे पाहिलं. "काय केलंस हे? आता तोंड कुठे दाखवू मी?"

"बाहेर," ती म्हणाली. "उजेडात दाखव. चल."

बाहेर लांगेगर लालबुंद होऊन ओरडत होता. "विसावं शतक सरत आलं, गाढवांनो! हा एवढा रस्ता करताय आणि बाईला भिता?" मग तो तिच्याकडे वळला. "आणि तुम्ही! शिकलेल्या बाईने असलं थोतांड करावं?"

"शिकलेली बाई मघाशी तुमच्याकडे आली होती," ट्राउडल म्हणाली. "तिला तुम्ही घरी जायला सांगितलंत."

तो कामगारांकडे वळला. "मुकादम! पाद्रीबुवांना बोलवा. पवित्र पाणी शिंपडा, काय ते मंत्र म्हणा, आणि तासाभरात सगळे आत!"

म्हातारा क्विरिन हेल्मेट काढून बार्बरासमोर उभा होता, ट्राउडलकडे पाठ करून.

"बाई एकटीच होती का आत?" त्याने न वळता विचारलं.

"बाळ आहे ना शालीत," पहारेकरी म्हणाला.

"मुलगा की मुलगी?"

ट्राउडल चमकली. आफ्राच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर धरणारा हाच माणूस होता. त्याचा नवा कोट तिने ओला केला होता, आणि अख्खं चर्च हसलं होतं.

"मुलगी," ती म्हणाली.

क्विरिनने सावकाश छातीवर क्रूसाची खूण केली, हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि तो इंजिनिअरकडे वळला.

"मग दोघी झाल्या, साहेब. दोघींना पाद्री पुरायचा नाही, बिशप लागतील." त्याने वर डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं. "ते राहतात पलीकडे. आणि खिंडीत अजून बर्फ आहे, वाट बंद."